वाचकांचे प्रश्न : साथ आल्यावर स्थानिक समितीने काय करावे?

आपत्ती व्यवस्थापनावरील मागील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. पुन्हा एखादी मोठी साथ आली, तर आपल्या सोसायटीची, वस्तीची किंवा गावाची समिती नेमके काय करू शकते, असे वाचक विचारत आहेत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांच्या विनंतीनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : २०२० मध्ये आमच्या सोसायटीने घरकामाच्या मावशी, पेपरवाले आणि कुरिअरवाले या सर्वांना फाटक बंद केले होते. बाहेरगावाहून परतलेल्या एका भाडेकरूलाही काही दिवस आत येऊ दिले नव्हते. आता कार्यकारिणी ‘आपत्कालीन समिती’ नेमण्याचा ठराव आणत आहे. अशा समितीला कायद्याने कोणते अधिकार मिळतात?
— सचिव, सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड

सरळ सांगायचे, तर केवळ आपल्या ठरावातून निर्माण होणाऱ्या समितीला साथीसंबंधी सक्तीचा कोणताही अधिकार मिळत नाही. संस्थेचे अधिकार सहकारी संस्था अधिनियम आणि उपविधी यांतून येतात आणि ते इमारतीच्या कारभारापुरते असतात. साथीच्या काळात लोकांच्या येण्याजाण्यावर बंधने घालण्याचे अधिकार मुख्यतः दोन कायद्यांतून येतात. पहिला साथरोग अधिनियम, १८९७ आणि दुसरा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने पहिल्या कायद्याखाली नियमावली काढून महापालिका आयुक्त व जिल्हाधिकारी यांना अधिकार दिले, तर देशव्यापी टाळेबंदीचे आदेश दुसऱ्या कायद्याखाली निघाले. एखादी इमारत प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचा निर्णयही महापालिकेचा होता, संस्थेचा नव्हता.

भाडेकरूला स्वतःच्या राहत्या घरात येण्यापासून रोखणे हे त्या वेळीही संस्थेच्या अधिकारात बसत नव्हते आणि आजही बसत नाही. ती व्यक्ती डॉक्टर, परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती असेल, तर प्रकरण अधिक गंभीर होते. २०२० मध्ये साथरोग अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांवरील हिंसेच्या व्याख्येत त्यांच्या राहण्याच्या किंवा कामाच्या परिस्थितीवर परिणाम करणारा छळही समाविष्ट केला आहे. त्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला लिफ्ट वापरू न देणारे पदाधिकारी या व्याख्येत सापडू शकतात, याची जाणीव आपल्या कार्यकारिणीला ठराव मांडण्यापूर्वी करून द्यावी.

तरीही समिती नेमू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम २८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरण आवश्यकतेप्रमाणे सल्लागार व अन्य समित्या नेमू शकते, आणि कलम ४१ ने स्थानिक स्वराज्य संस्थांवर आपत्तीच्या तयारीची जबाबदारी टाकली आहे. म्हणून समितीतील सदस्यांची नावे, फोन क्रमांक आणि कामांची यादी आपल्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवावी आणि पोच घ्यावी. असे पत्र दिल्याने समितीला आदेश देण्याचा अधिकार मिळणार नाही. मात्र महापालिकेच्या यंत्रणेला आपल्या दारापर्यंत येण्याची वाट सापडेल, आणि साथीच्या पहिल्या आठवड्यात त्याची गरज सर्वाधिक असते.

कामांची यादी करताना २०२० मधील एका गोष्टीचा मुद्दाम विचार व्हावा. कोथरूड, एरंडवणे, डेक्कन या भागांत मुले परदेशी असलेली, एकट्याने किंवा जोडीने राहणारी वृद्ध मंडळी मोठ्या संख्येने आहेत. पोळ्या करणाऱ्या मावशी, सकाळ-संध्याकाळ येणारी सेविका आणि औषधे आणून देणारा दुकानातला मुलगा यांच्यावर त्यांचे दैनंदिन जीवन उभे असते. फाटक बंद करणाऱ्यांनी विषाणू बाहेर ठेवल्याचे समाधान मानले, परंतु ज्यांना विषाणूचा धोका सर्वाधिक होता, त्यांचाच आधार त्या फाटकाने तोडला. मावशींना मुखपट्टी देणे, हात धुण्याची सोय फाटकापाशीच करणे, त्यांच्या कामाच्या वेळा विभागणे आणि त्या आजारी पडल्या तर पगार न कापता सुट्टी देणे ही समितीची खरी कामे आहेत. पगार कापला जाईल या भीतीने ताप अंगावर काढून कामावर येणारी बाई आणि तिच्या हातचे खाणारे आजोबा या दोघांचेही संरक्षण त्या सुट्टीत आहे.

प्रश्न : पुण्यात १८९७ मध्ये प्लेगसाठी समिती होती, असे वाचले. आजच्या स्थानिक समित्यांची तिच्याशी तुलना करता येईल का?
— इतिहासाची विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

नावापुरतेच साम्य आहे. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत आलेला प्लेग काही महिन्यांतच पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला, आणि सनदी अधिकारी वॉल्टर रँड यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात विशेष प्लेग समिती नेमण्यात आली. घरे तपासणे, रुग्णांना रुग्णालयात आणि त्यांच्या संपर्कातील माणसांना छावणीत हलवणे, सामान जाळणे किंवा निर्जंतुक करणे ही तिची कामे. आजच्या साथरोगशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांतील काही उपायांमागे विचार होता, हे मान्य करावे लागते. परंतु ते उपाय गोऱ्या शिपायांच्या हातून, घरांत, देवघरांत आणि माजघरांत शिरून अमलात आणले गेले. ज्या पेठांसाठी ही समिती होती, त्या पेठांतील माणसांना तिच्या निर्णयात जागा नव्हती. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले, आणि रुग्ण लपवले गेले की कोणतीही साथ आटोक्यात येत नाही. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, हा पुढचा इतिहास आपल्याला ठाऊकच असेल.

त्याच महिन्यांत याच शहरात दुसऱ्या प्रकारचे कामही चालू होते, आणि आपल्या अभ्यासात त्याला जागा मिळावी, असे मला मनापासून वाटते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. तेथे रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीसाठी पुढाकार घेतला होता. या प्रयत्नांना सरकारी समितीइतकी साधने नव्हती, पण लोक आपले आजारी माणूस तेथे स्वतःहून घेऊन येत. आपण स्थानिक समित्यांची पूर्वपीठिका शोधत असाल, तर ती रँड यांच्या समितीऐवजी ससाणे मळ्यात शोधावी.

प्रश्न : आमच्या वस्तीत महिला आरोग्य समिती आहे आणि मी तिची सदस्य आहे. वर्षाला पाच हजार रुपये येतात. कोरोनाच्या वेळी आम्हाला कोणी काही विचारले नाही. आमच्यासारखी समिती साथीत काय करू शकते?
— एक वाचक, येरवडा

ताई, या अंकातले सर्वांत महत्त्वाचे पत्र आपले आहे. नव्या समित्या स्थापन करण्याची चर्चा सगळीकडे चालते, पण २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून साधारण पन्नास ते शंभर कुटुंबांमागे एक याप्रमाणे महिला आरोग्य समित्या आधीच नेमल्या गेल्या आहेत, याचा विसर अनेकांना पडतो. आशा कार्यकर्ती तिची सचिव असते आणि पाच हजारांचा अबंधित निधी कशासाठी वापरायचा, हे समितीने ठरवायचे असते. शंभर घरांपलीकडचा विचार करण्याची सक्ती नसणे, हे मी आपल्या समितीचे मोठे बळ मानतो.

जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातील पाच दाट प्रभागांत प्रतिपिंडांची, म्हणजे कोरोनाचा संसर्ग होऊन गेल्याच्या रक्तातील खुणेची, पाहणी झाली, त्यांत येरवडाही होते. तपासलेल्या व्यक्तींपैकी ५१.५ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली, आणि सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत हे प्रमाण घरचे शौचालय असणाऱ्यांपेक्षा जास्त होते. अर्थात ज्यांना ‘घरात थांबा’ असे सांगितले जात होते, त्यांना दिवसातून काही वेळा तरी रांगेत उभे राहणे भाग होते. म्हणून आपल्या समितीच्या कामाची सुरुवात शौचालयापासून करावी. ते दिवसातून किती वेळा धुतले जाते, नळाला पाणी किती वाजता जाते, कडी आणि नळाची तोटी कोण पुसते, वृद्धांसाठी व तापातल्या माणसासाठी वेगळा कप्पा किंवा वेगळी वेळ ठेवता येईल का, हे सारे महापालिकेच्या आरोग्य कोठीवरच्या मोकादमाबरोबर (सफाई कामगारांच्या मुकादमाबरोबर) बसून साथ नसतानाच ठरवावे. साबणाचा खर्च अबंधित निधीतून करता येईल.

दुसरे काम वहीचे. दोनशे पानी साधी वही घ्यावी आणि प्रत्येक घराला एक ओळ द्यावी. घरात माणसे किती, साठीपुढचे कोण, गरोदर कोण, मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग किंवा डायलिसिस कोणाचे चालू आहे, औषध कोठून येते, घरात फोन किती आणि दिवसा तो कोणाबरोबर कामावर जातो, रेशनकार्ड आहे की नाही, गावाकडून आलेले भाडेकरू आहेत का, एवढे लिहावे. फोनचा रकाना क्षुल्लक वाटेल, पण ज्या घरातला एकमेव फोन सकाळी आठ वाजता बांधकामावर जातो, त्या घरातल्या रुग्णाची विचारपूस महापालिकेचा मदतकक्ष फोनवरून करू शकत नाही. तेथे कोणीतरी चालतच जावे लागते. ही वही एकीच्याच ताब्यात असावी, तिचे फोटो कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर जाऊ नयेत. २०२० मध्ये रुग्णांच्या याद्या फोनवरून फिरल्या आणि त्यानंतर लोकांनी तपासणीच टाळली, हे आपण जवळून पाहिले असेलच.

ताप लपवण्यामागे अज्ञान असते, असा समज शहरात सर्रास आहे. मला तो अन्यायकारक वाटतो. रोजंदारीवरच्या घरात ताप उघड करणे म्हणजे अनेक दिवसांची कमाई बुडणे. विलगीकरण केंद्रात जायचे म्हटले की लहान मुले कोणाकडे ठेवायची, घराची किल्ली कोणाकडे द्यायची, म्हाताऱ्या सासूला कोण भरवणार, हे प्रश्न बाईपुढे उभे राहतात. त्यांची उत्तरे रुग्णवाहिका येण्यापूर्वी तयार असतील, तर लोक आपणहून पुढे येतात. कोणत्या घरी मुले राहतील, शिधा त्याच दिवशी कोण पोहोचवील आणि किल्ली कोणाकडे राहील, हे आधी ठरवलेली समिती मोठ्या यंत्रणेला न जमणारे काम करत असते. रुग्णवाहिका सायरन न वाजवता गल्लीच्या तोंडाशी थांबवावी, अशी विनंती चालकाला करणेही त्याच कामाचा भाग आहे. गल्ल्या पत्रे आणि बांबू लावून बंद करण्याची वेळ आली, तर रुग्णवाहिकेचा एक मार्ग मोकळा राहील, याकडे मात्र कटाक्षाने लक्ष द्यावे.

श्वसनाच्या साथीसाठी समितीकडे दोन-तीन ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दाखवणारी यंत्रे) असावेत आणि ते वापरण्याचा सराव असावा. रुग्णाने काही मिनिटे शांत बसावे, हात गार असेल तर चोळून गरम करावा, नखावर गडद नेलपॉलिश असेल तर ते काढावे किंवा दुसरे बोट घ्यावे, आणि आकडा स्थिर झाल्यावरच तो वेळेसह लिहावा. आकडा ९४ च्या खाली राहिला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर फोन करावा. विश्रांतीत आकडा चांगला असूनही सहा मिनिटे चालल्यावर तो लक्षणीय घसरत असेल, तरी डॉक्टरांना कळवावे. प्रत्येक वापरानंतर यंत्राचा आतला भाग पुसावा आणि जास्तीच्या बॅटऱ्या डब्यातच ठेवाव्यात.

शेवटी सदस्यांविषयी. वस्तीतले खासगी दवाखान्याचे डॉक्टर, मग ते आयुर्वेदाचे असोत वा होमिओपॅथीचे, तापाचा पहिला रुग्ण पाहतात. त्यांना बैठकीला बोलवावे आणि एका आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त तापाचे रुग्ण आले, तर ते कोणाला कळवतील, हे ठरवून घ्यावे. कचरा उचलणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई रोज प्रत्येक दारात जातात. कोणत्या घरातून दोन दिवस कचराच आला नाही, हे त्यांना प्रथम कळते. त्यांना मोजे आणि मुखपट्ट्या द्याव्यात व रुग्ण असलेल्या घराचा कचरा वेगळा बांधून खूण करून देण्याची पद्धत पाडावी. किराणा दुकानदार आणि एखादा रिक्षाचालक यांनाही निमंत्रित म्हणून घ्यावे. महापालिकेच्या दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे समितीच्या नावांची यादी देऊन तिची प्रत जपून ठेवावी. पुढच्या वेळी विचारणा होईल याची वाट न पाहता आपणच पहिला फोन करावा.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाने कोरोनात शिधावाटप केले. पुन्हा तशी वेळ आली, तर वर्गणी काढता येईल का? कार्यकर्त्यांना काही कायदेशीर संरक्षण असते का?
— मंडळाचा कार्यकर्ता, कसबा पेठ

उत्सवासाठी आपण धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खालील परवानगी काढता. मदतकार्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करताना तीच उत्सवाची परवानगी पुरेशी आहे, असे गृहीत धरू नये. मदतीच्या हेतूचा स्पष्ट उल्लेख करून अर्ज करावा, पावत्या फाडाव्यात आणि हिशेब फलकावर लावावा.

संरक्षणाविषयी : आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी काम करणाऱ्या व्यक्तीने सद्भावनेने केलेल्या कृतीला २००५ च्या कायद्याच्या कलम ७३ ने संरक्षण आहे. त्याचा आधार घेता यावा म्हणून क्षेत्रीय कार्यालयाचे पत्र आणि ओळखपत्र घेऊनच कार्यकर्ते बाहेर पडावेत. शिधा देताना जात, धर्म किंवा लिंग यांवरून भेदभाव करण्यास कलम ६१ ने मनाई आहे. शिवाय घबराट पसरवणारा खोटा इशारा दिल्यास कलम ५४ प्रमाणे एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो, म्हणून मंडळाच्या गटावरचा प्रत्येक संदेश पुढे धाडण्यापूर्वी तपासावा. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी नायडू रुग्णालयासमोर ज्या रांगा लागल्या, त्या आठवून सांगतो की, तपासणी केंद्रावर अंतर ठेवून लोकांना उभे करणे, वृद्धांना बसायला खुर्ची देणे आणि लक्षणे नसलेल्यांना समजावून घरी पाठवणे हे काम मिरवणुकीचा बंदोबस्त सांभाळलेल्या कार्यकर्त्यांइतके चांगले क्वचितच कोणी करील.

प्रश्न : जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले. गाव महापालिकेत गेले, ग्रामपंचायत राहिली नाही आणि नगरसेवकही नव्हता. अशा वेळी समिती कोणाकडे दाद मागणार?
— ज्येष्ठ नागरिक, किरकटवाडी

आपली अडचण खरी आहे आणि ती केवळ आपल्या गावाची नाही. २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत आली, मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, आणि सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा ज्याच्या दारात जाऊन तक्रार करावी असा लोकनियुक्त प्रतिनिधी या भागाला नव्हता. ग्रामपंचायत असताना निदान पाणी सोडणारा शिपाई कोण आणि ग्रामसेवक कोण, हे प्रत्येकाला ठाऊक होते. जीबीएस हा आजार स्वतः एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. तो बहुधा आधीच्या संसर्गानंतर उद्भवतो, आणि या वेळी रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर व नोरोव्हायरस हे दूषित पाण्या-अन्नातून पसरणारे जंतू आढळल्याने संशयाचा रोख पाण्याकडे वळला. म्हणजे येथे समितीचे काम माणसांना दूर ठेवण्याचे नव्हते, पाण्यावर नजर ठेवण्याचे होते. साथ बदलली की समितीचे कामही बदलते, आणि म्हणूनच कोरोनाच्या वेळची कामांची यादी जशीच्या तशी पुढे चालवू नये.

दाद कोणाकडे मागावी, याविषयी कायद्यात अलीकडे महत्त्वाचा बदल झाला आहे. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली असून महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष असतील. आजवर शहराची आपत्ती जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे आणि शहराचे दवाखाने, पाणी, कचरा महापालिकेकडे, अशी विभागणी होती. हे प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागले, तर हद्दीच्या काठावरच्या गावांना एकच दार ठोठवावे लागेल. आपल्या समितीने आतापासूनच आपली निवेदने आयुक्तांच्या नावे, प्राधिकरणाचा स्पष्ट उल्लेख करून द्यावीत आणि त्यांची प्रत क्षेत्रीय कार्यालयाला व पाणीपुरवठा विभागाला द्यावी.

निवेदनात ‘पाणी खराब येते’ एवढेच लिहिले, तर त्यावर कारवाई होणे अवघड असते. ग्रामपंचायतीच्या काळात पाण्यातील क्लोरीन तपासण्यासाठी ओटी चाचणी होत असे, ती आपल्याला आठवत असेल. नळाचे पाणी छोट्या नळीत घेऊन द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का, ते पाहायचे. समितीने ही चाचणी रोज सकाळी पाणी सुटल्यावर दोन ठिकाणी करावी. एक टाकीजवळच्या पहिल्या घरात आणि दुसरी जलवाहिनीच्या शेवटच्या घरात. तारीख, वेळ, घर आणि रंग एवढेच वहीत लिहावे. पहिल्या घरी रंग येत असेल आणि शेवटच्या घरी येत नसेल, तर मधल्या वाहिनीत गळती असल्याचा किंवा सांडपाणी मिसळत असल्याचा संशय घ्यायला आधार मिळतो. दोन्हीकडे रंग येत नसेल, तर टाकीवर क्लोरीन पडत नाही, हे उघड होते. पाणी विहिरीचे किंवा टँकरचे असेल, तर त्याची नोंद वेगळ्या पानावर ठेवावी. खासगी शुद्धीकरण केंद्रातून जार घेणाऱ्या घरांचीही यादी करावी, कारण त्या पाण्यात क्लोरीन बहुधा उरलेले नसते आणि जार भरताना पाणी पुन्हा दूषित होऊ शकते. सलग दोन दिवस रंग आला नाही, तर वहीच्या त्या पानाची छायाप्रत निवेदनाला जोडून त्याच दिवशी कार्यालयात द्यावी, आणि तोवर शेवटच्या गल्लीतील प्रत्येक घरात पाणी उकळून पिण्याचा निरोप समितीच्या सदस्यांनी स्वतः जाऊन पोहोचवावा.